‘मदतनीस पाहिजे’

मिरजकर तिकटीच्या आसपास मंगळवार पेठेंतून हिंडणाऱ्या माणसाला दुकानांच्या गर्दींत अधूनमधून दांतांच्या दवाखान्याची पाटी दिसते. कधीं कधीं त्या पाटीखालीं, दाराच्या कांचेवर, हातानें लिहिलेला एक कागद चिकटविलेला असतो. त्यावर दोनच शब्द असतात : ‘मदतनीस पाहिजे’. जाणारायेणारा तो कागद वाचतो आणि पुढें जातो. त्या दोन शब्दांमागें कांहीं तयारी झाली आहे कीं नाहीं, हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः ज्याचा दांत दुखत आहे आणि जो उद्यां त्या खुर्चीवर तोंड उघडून बसणार आहे, त्याच्याशीं या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे; आणि ज्या घरांतील मुलगी तो कागद वाचून आंत जाणार आहे, त्या घराशीं तर त्याहूनहि निकटचा.

बहुधा काय घडतें तें पाहावें. चार वर्षें काम केलेल्या मुलीचें लग्न ठरतें. शनिवार हा तिचा शेवटचा दिवस. सोमवारीं सकाळीं रोगी तर येणारच. मग डॉक्टर ओळखीच्या चार लोकांना सांगून ठेवतात. एखाद्या रोग्याची भाची बारावी होऊन घरींच बसलेली असते, ती येते. नांव काय, शिक्षण किती, घर किती दूर, पगार अमुक, इतकें बोलणें दहा मिनिटांत होतें, आणि सोमवारीं दहाच्या ठोक्याला ती हातमोजे घालून खुर्चीजवळ उभी असते. यांत कोणाची लबाडी नसते. डॉक्टर भले असतात, मुलगी कष्टाळू असते. तरीहि त्या दहा मिनिटांत पुष्कळ गोष्टी राहून गेलेल्या असतात, आणि त्यांतील एक तर अशी आहे कीं, ती भरून काढावयास पुढें सहा महिने लागतात.

याच पेठेंत तालमींची परंपरा मोठी आहे. शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबागेचें मैदानहि हांकेच्या अंतरावर आहे. तालमींत नवा पोरगा यावयाचा असला म्हणजे जाणता वस्ताद आधीं पोराच्या दंडाकडे पाहत नाहीं, हौद्याकडे पाहतो. माती खणून मोकळी केली आहे कीं नाहीं, तिच्यांत खडा राहिला आहे काय, तेल, ताक, हळद घालून ती मऊ झाली आहे काय, हें तो स्वतः पायानें चाचपून बघतो. घट्ट मातीवर पडून पोराचा खांदा निखळला, तर त्याचा बोल पोराला लावतां येत नाहीं. दवाखान्याचाहि एक हौदा असतो, आणि तो नोकर येण्यापूर्वीं खणावा लागतो.

अशा एका दवाखान्याची कल्पना करूं. एक खुर्ची, एक दंतवैद्य, बरींच वर्षें असलेली एक प्रौढ मदतनीस, जिला सारेजण ताई म्हणतात, आणि लग्न होऊन जाणारी ती मुलगी. सकाळीं दहा ते एक आणि संध्याकाळीं साडेपांच ते साडेआठ अशी वेळ. या दंतवैद्यानें कागद चिकटविण्यापूर्वीं प्रथम एक वही करावी. एक आठवडाभर, जें जें काम होईल तें तें, ज्यानें केलें त्याच्या नांवापुढें, त्याच वेळीं लिहून ठेवावें. आठवणीनें रात्रीं लिहूं नये; रात्रीं लिहितांना मनुष्य जें घडलें तें लिहीत नाहीं, जें घडावयास हवें होतें तें लिहितो.

आठवड्यानंतर ती वही उघडली म्हणजे गंमत दिसते. जाणाऱ्या मुलीच्या नांवापुढें फोन घेणें आहे, वेळ देणें आहे, केसपेपर काढणें आहे. रोग्यास खुर्चीवर बसविणें, लाळ ओढणारी नळी तोंडांत धरणें, सिमेंट कालविणें आहे. वापरलेलीं हत्यारें उचलणें, धुणें, पाकिटांत भरणें, ऑटोक्लेव्ह लावणें आहे. कवळीचीं मापें कारागिराकडे पोहोंचविणें आहे, पैसे घेणें आहे, आणि एका मंगळवारीं डॉक्टरांच्या मुलास शाळेंतून आणणेंहि आहे. म्हणजे जिला एक नोकर समजलें होतें, ती वस्तुतः तीन नोकऱ्या करीत होती : दाराजवळची, खुर्चीजवळची आणि मोरीजवळची. या तिन्ही नोकऱ्या एका वेळीं एका माणसानें स्वच्छपणें होत नाहींत. नळी धरलेली असतांना फोन वाजतो. मोजे न काढतां फोन उचलला, तर रोग्याच्या तोंडांतील लाळ फोनवर गेली; मोजे काढून उचलला आणि तेच पुन्हां चढविले, तर फोनवरचें जें काय असेल तें रोग्याच्या तोंडांत गेलें. दर वेळीं मोजे बदलावे, तर डॉक्टर म्हणणार, ‘अहो, मोज्यांचा खोका आठ दिवसांत कसा संपला ?’ तेव्हां पहिला निर्णय हा कीं, नवें माणूस या तिहींपैकीं कोणत्या कामाला पाहिजे ? ‘सगळ्याला’ हें उत्तर सोडून कोणतेंहि उत्तर चालेल.

याहून महत्त्वाची गोष्ट मोरीजवळच्या कामाची आहे, आणि ती त्रैराशिकाइतकी सोपी आहे. दांत कोरण्याचें जें फिरतें हत्यार, त्याला हँडपीस म्हणतात. तें प्रत्येक रोग्यानंतर धुऊन, तेल देऊन, पाकिटांत घालून ऑटोक्लेव्हमध्यें वाफेखालीं ठेवावें लागतें. १२१ अंश उष्णतेवर पंधरा मिनिटें, किंवा १३४ अंशांवर तीन मिनिटें, हा वाफेचा काळ झाला. परंतु यंत्र तापावयाचा, हत्यार सुकावयाचा आणि निवावयाचा वेळ धरला, तर धुण्यापासून हातीं येईपर्यंत साधारण एक तास जातो. आतां या दवाखान्यांत दोन हँडपीस आहेत आणि दर अर्ध्या तासाला एक रोगी आहे. साडेपांचच्या रोग्याला पहिलें वापरलें, सहाच्या रोग्याला दुसरें. साडेसहाचा रोगी खुर्चीवर बसला तेव्हां पहिलें हत्यार अजून यंत्रांत आहे, दुसरें नुकतेंच तोंडांतून निघालें आहे. डॉक्टर मोजे चढवून उभे आहेत. बाहेर चार माणसें घड्याळाकडे बघत आहेत. अशा वेळीं नवी मुलगी काय करील ? ती स्पिरिटाचा बोळा घेऊन हत्यार पुसून देईल. तिला तसें करावयास कोणी सांगितलें नसेल. पण दुसरें कांहीं करण्यास तिला वावहि ठेवलेला नाहीं. आणि एकदां पुसून दिलेलें चाललें, कीं तोच रिवाज होतो.

म्हणून कित्येकदां असें निघतें कीं, दवाखान्याला आधीं माणसाची गरज नसून हत्यारांची आहे. एका वेळच्या जितक्या रोग्यांना कोरण्याचें काम पडतें, तितके हँडपीस, तितके आरसे, तितके चिमटे घेतले, तर सकाळचे सारे दुपारच्या सुटींत शांतपणें वाफाळून निघतात, आणि संध्याकाळीं कोणावर लबाडीची पाळी येत नाहीं. हा खर्च मोठा वाटतो. परंतु तो न करतां ठेवलेल्या माणसाचा पगार म्हणजे भिजल्या लांकडावर ओतलेलें रॉकेल होय. वाफ नीट लागते कीं नाहीं हें बघण्यासाठीं जंतूंच्या बीजाणूंची चांचणी मिळते. ती आठवड्यास एकदां लावावी आणि तिचा निकाल वहींत तारखेसह लिहावा. नव्या माणसाला हें यंत्र दाखवावयाचें, तर आधीं तें खरें चालत असलें पाहिजे.

खुर्चीजवळच्या मदतनिसाचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्स शहरीं एडमंड केल्स नांवाचा दंतवैद्य होता. त्यानें १८८५ मध्यें आपल्या दवाखान्यांत एक स्त्री मदतीस नेमली. त्या काळीं एकटी बाई दंतवैद्याकडे जात नसे. दवाखान्यांत स्त्री हजर आहे हें कळल्यावर बायका निःशंकपणें येऊं लागल्या. पुढें १९०६ मध्यें कनेक्टिकट प्रांतांतील आल्फ्रेड फोन्स यानें आपल्या आयरीन न्यूमन या मदतनीस बाईस दांत स्वच्छ करण्याची विद्या शिकविली, आणि १९१३ मध्यें त्या विद्येची शाळाच काढली. दंतस्वच्छतेचा स्वतंत्र व्यवसाय तेथून निघाला. आपल्याकडे मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ मध्यें आणि सरकारी दंत महाविद्यालय १९४५ मध्यें सुरू झालें. मग १९४८ चा दंतवैद्यांचा कायदा आला. त्या कायद्यानें नोंदणीसाठीं तीन वर्ग सांगितले : दंतवैद्य, दंतस्वच्छक आणि कवळ्या-टोप्या करणारा दंतयांत्रिक. संसदेनें या क्षेत्रासाठीं २०२३ मध्यें राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. परंतु १९४८ च्या त्या तीन वर्गांत, खुर्चीजवळ उभी राहून नळी धरणारी, सिमेंट कालविणारी, हत्यारें धुणारी जी मदतनीस, तिचें नांव नव्हतें.

याचे परिणाम दोन झाले. एक असा कीं, पेठेंतील दवाखान्यांत येणारी मुलगी बहुधा कोठें शिकून आलेली नसते. तिला जें येईल तें डॉक्टर शिकवितील तेवढेंच येईल. दुसरा जरा नाजूक आहे. वर्ष-दोन वर्षांत मुलीचा हात बसतो, डॉक्टरांस घाई असते, आणि एक दिवस ते म्हणतात, ‘यांचे दांत जरा तूंच साफ करून घे.’ हें ‘जरा’ कायद्याच्या बाहेरचें आहे. दांत साफ करणें हें दंतवैद्याचें किंवा नोंदलेल्या दंतस्वच्छकाचें काम आहे. मुलीला तो विश्वासाचा मान वाटतो, रोग्याला फरक कळत नाहीं, आणि हिरडीला इजा झाली म्हणजे मात्र दोष कोणाचा याची शोधाशोध सुरू होते. तेव्हां नेमणुकीपूर्वीं कामांची यादी लिहितांना, काय करावयाचें हें जसें लिहावें, तसें काय कधींच करावयाचें नाहीं हेंहि त्याच कागदावर लिहावें, आणि खालीं डॉक्टरांनीं सही करावी.

आतां त्या सहा महिन्यांकडे वळूं. दांताच्या दवाखान्यांत रक्त रोज दिसतें. ज्याच्या रक्तांत हेपॅटायटिस बी या काविळीचा विषाणु आहे, त्याला पुष्कळदां स्वतःलाच त्याचा पत्ता नसतो. तो विषाणु वाळलेल्या रक्ताच्या डागांतहि सात दिवसांपर्यंत तग धरतो. अशा रोग्याला टोंचलेली सुई लस न घेतलेल्या माणसाच्या बोटांत घुसली, तर शंभरांत सहापासून तिसांपर्यंत माणसांना लागण होण्याचा संभव असतो. तुलनेसाठीं सांगावयाचें, तर एड्सच्या विषाणूचा असाच धोका हजारांत सुमारें तीन इतका आहे. म्हणजे ज्या रोगाच्या नांवानें लोक घाबरतात त्याच्यापेक्षां, ज्याची कोणी चौकशी करीत नाहीं तोच अधिक जवळ आहे. त्यावर उत्तम लस आहे, आणि ती १९८२ पासून मिळते. पहिली मात्रा घेतल्यावर एका महिन्यानें दुसरी, सहा महिन्यांनीं तिसरी, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनीं रक्त तपासून शरीरांत प्रतिकारशक्ति आली कीं नाहीं हें पाहावयाचें. लहानपणींच टोंचून घेतली असेल, असें समजण्यांत अर्थ नाहीं. राष्ट्रीय लसीकरणांत ही लस देशभर पोहोंचली ती २०११ च्या सुमारास. आज नोकरीस येणारी अठरा-वीस वर्षांची मुलगी त्याच्या आधींच जन्मलेली आहे.

जैव-वैद्यकीय कचऱ्याचे जे नियम २०१६ मध्यें झाले, त्यांनीं ही लस आणि धनुर्वाताची लस कर्मचाऱ्यांस देण्याची जबाबदारी दवाखाना चालविणाऱ्यावर टाकली आहे. तेव्हां ‘तुझी तूं टोंचून घे, पावती आण, मग बघूं’ असें म्हणणें शोभत नाहीं. नेमणुकीच्या दिवशीं पहिली मात्रा दवाखान्याच्या खर्चानें द्यावी. आणि मधल्या महिन्यांचें काय ? तर रक्ताची तपासणी होईपर्यंत वापरलेल्या सुईला, पात्याला त्या मुलीनें हात लावूं नये. तें काम ताईनें किंवा स्वतः डॉक्टरांनीं करावें. सुई ज्यानें वापरली त्यानेंच ती टाकावी, हा नियम तर लस झाल्यावरहि पाळण्यासारखा आहे. या व्यवसायांत अपघात होतो तो दांत उपटतांना क्वचित्. तो होतो ट्रे आवरतांना. कापसाच्या बोळ्याखालीं सुई राहिलेली असते, डॉक्टर हात धुवावयास गेलेले असतात, आणि मुलगी घाईनें सारें एका मुठींत उचलते.

टोंचलें तर काय करावें, हें आधींच मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलेलें असावें; कारण त्या घटकेला कोणालाहि कांहीं आठवत नाहीं. बोट पिळूं नये, तोंडांत घालूं नये. साबण आणि वाहतें पाणी यांनीं धुवावें. डॉक्टरांना त्याच क्षणीं सांगावें. कोणाचें रक्त होतें तें लिहून ठेवावें. त्याच दिवशीं रुग्णालयांत जावें. एड्सच्या विषाणूवरचें प्रतिबंधक औषध जितकें लवकर तितकें बरें, आणि बहात्तर तासांच्या पुढें त्याचा उपयोग राहत नाहीं. ही यादी सहा ओळींची आहे. परंतु सातवी ओळ लिहावयास डॉक्टरांना मनाचा मोठेपणा लागतो : ‘टोंचल्याचें सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाहीं, आणि पगार कापला जाणार नाहीं.’ ही ओळ नसेल, तर मुलगी बोट पदरांत लपवील आणि घरीं जाऊन हळद लावील. कोल्हापुरांतील मुली सोशिक असतात, ही गोष्ट येथें उपयोगाची नाहीं.

कचऱ्याच्या पिशव्यांचे चार रंग फार वेळ घेणारे नाहींत. रक्तानें भिजलेला कापूस पिवळ्यांत, वापरलेले मोजे आणि रबरी-प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवींत, सुया आणि पातीं टोंचूनहि फुटणार नाहीं अशा पांढऱ्या डब्यांत, आणि कांच निळ्यांत. अठ्ठेचाळीस तासांपेक्षां अधिक काळ हें सांठवूं नये. नव्या माणसाला कामावर येतांच आणि पुढें दर वर्षाला याचें शिक्षण द्यावें, असेंहि नियम सांगतो. डबे मात्र तिच्या येण्याआधींच जागच्या जागीं असावेत. ‘सध्यां एकाच पिशवींत टाक, पुढच्या आठवड्यांत डबे येतील’ असा पहिला धडा मिळालेली मुलगी पुढचे धडे गंभीरपणें घेत नाहीं.

क्ष-किरणांच्या यंत्राविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वर ज्या केल्सचा उल्लेख आला, तो दांतांचे क्ष-किरण फोटो काढणाऱ्या अगदीं पहिल्या दंतवैद्यांपैकीं एक होता. त्या काळीं किरणांचा धोका कोणास ठाऊक नव्हता. तो आपल्याच हातावर किरण पाडून यंत्र जुळवीत असे. वर्षानुवर्षें असें केल्यावर त्या हाताला कर्करोग झाला. बोटें, मग हात असें एकेक कापावें लागलें, आणि १९२८ मध्यें त्या वेदनांना कंटाळून त्यानें आपल्या आयुष्याचा शेवट केला. हें माहीत असतांनाहि आज लहान मूल हलूं नये म्हणून मदतनिसाला त्याच्या तोंडांत फिल्म बोटानें धरावयास सांगणारे आढळतात. ती धरण्यासाठीं धारक मिळतो. मूल धरावयाचेंच असेल, तर त्याच्या आईनें शिशाचें आवरण घालून धरावें. अठरा वर्षांखालील व्यक्तीस या किरणांच्या कामावर नेमूं नये, हा नियमच आहे. म्हणून जन्मतारखेचा दाखला पाहणें हें या नोकरींत निव्वळ दप्तराचें काम नव्हे.

पगार, रजा आणि वेळ यांचा कागद करावयास डॉक्टरांना संकोच वाटतो. ‘आमच्याकडे घरच्यासारखें आहे’ असें ते म्हणतात. घरच्यासारखें असलें म्हणजे बहुधा रजेचा हिशेब कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं, आणि ज्याच्या हातीं पैसे आहेत त्याची आठवण खरी ठरते. सरकारनें ठरविलेलें किमान वेतन विचारून घ्यावें, आठवड्याची सुटी ठरवावी, नेमणुकीचें पत्र द्यावें. दुकानें आणि आस्थापना यांचा राज्याचा जो कायदा २०१७ मध्यें झाला, त्यांत लहान आस्थापनांवर नोंदणीऐवजीं केवळ माहिती कळविण्याचा भार आहे; तेवढा तरी उचलावा. कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दोन माणसांच्या दवाखान्यालाहि लागू आहे. जेथें दहा कर्मचारी नाहींत तेथें तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता भिंतीवरच्या कागदांत असावा. चांगल्या डॉक्टरांना यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं. मुलीच्या आईला मात्र तो कागद पाहून बरें वाटेल.

कामाच्या वेळेविषयीं पेठेंतील दवाखान्यांनीं थोडा विचार करावा. एक ते साडेपांच ही दुपार डॉक्टरांना जेवावयास आणि विश्रांतीस पुरते. मुलगी जवळच राहणारी असेल तर तीहि घरीं जाईल. परंतु ती कळंब्याहून किंवा उचगांवाहून येत असेल, तर या साडेचार तासांत तिनें कोठें बसावें ? दोनदां येण्याजाण्याचें बसभाडें पगारांतून किती खाईल ? आणि साडेआठला बंद होणारा दवाखाना हत्यारें धुऊन, ऑटोक्लेव्ह उतरून वस्तुतः साडेनऊला बंद होतो, हें त्या आठवड्याच्या वहींत लिहिलेलेंच आहे. तेव्हां डबा खाण्यापुरती एक खोली, निदान पडद्याआडची एक जागा, हत्यारांच्या मोरीपासून दूर, आधीं करावी. आणि रात्रीं जाण्याची व्यवस्था बोलणें करतांनाच ठरवावी. पहिल्या पावसाळ्यांत नोकरी सोडणाऱ्या मुली काम अवघड म्हणून सोडीत नाहींत. बस चुकते म्हणून सोडतात.

दाराजवळच्या कामासाठीं माणूस घ्यावयाचें असेल, तर पेठेंत एक निराळीच अडचण आहे. येथें सगळे सगळ्यांना ओळखतात. केसपेपरावर रोगी आपला मधुमेह लिहितो, गर्भारपण लिहितो, कधीं त्याहून नाजूक आजार लिहितो. कारण न लिहिल्यास डॉक्टर चुकीचें औषध देतील. एखाद्या उपवर मुलीचा पुढचा दांत खोटा आहे, हें दवाखान्यांत तिघांनाच माहीत असतें. नवी मदतनीस जर त्याच गल्लींतील असेल आणि संध्याकाळीं नळावर सहज बोलून गेली, तर एक ठरत आलेलें लग्न मोडूं शकतें. पुढें त्या गल्लींतील कोणीहि डॉक्टरांना खरें सांगणार नाहीं, आणि त्याचा परिणाम दांतांपुरता राहणार नाहीं. यासाठीं कागद उघडे ठेवण्याची संवय आधीं डॉक्टरांनीं सोडावी, बाहेर बसलेल्या लोकांस ऐकूं जाईल असें रोगाचें नांव पुकारणें बंद करावें, आणि मग नव्या मुलीला सांगावें कीं, येथलें येथेंच. स्वतः मोठ्यानें बोलणाऱ्यानें दुसऱ्यास मौन शिकवूं नये.

इतकें झालें म्हणजे मुलाखत घेण्यास हरकत नाहीं. गुणपत्रिका पाहावी, पण ती पाहून मोठासा बोध होत नाहीं. त्यापेक्षां एक पाकीट हातीं देऊन त्यावरची तारीख वाचावयास सांगावें. मग विचारावें, ‘समजा, काम चालू असतांना तुमच्या हातून धुतलेला चिमटा खालीं पडला. डॉक्टरांची पाठ होती, रोग्याचे डोळे मिटलेले होते. तुम्ही काय कराल ?’ कोणी म्हणेल, पुसून ठेवीन. तें उत्तर चुकीचें आहे, पण प्रामाणिक आहे, आणि अशा मुलीला शिकवितां येतें. कोणी लगेच म्हणेल, माझ्या हातून कधींच कांहीं पडत नाहीं. तिला नम्रपणें निरोप द्यावा. त्यानंतर अर्धा दिवस, त्याचे पैसे देऊन, तिला दवाखान्यांत केवळ बसवून ठेवावें. रक्त पाहून तिला चक्कर येते काय, रडणाऱ्या मुलाकडे तिचें लक्ष जातें कीं मोबाइलकडे, हें कळतें. आणि आपल्याला हें काम झेपेल कीं नाहीं हें तिलाहि कळतें. परीक्षा दोघांची व्हावी. मुलेंहि या कामास येतात आणि चांगलें काम करतात. केवळ रीत म्हणून त्यांना परत पाठवूं नये.

शिकविणार कोण, हा प्रश्न सर्वांत शेवटीं आठवतो आणि सर्वांत महाग पडतो. जाणारी मुलगी आणि येणारी मुलगी यांचे निदान पंधरा दिवस एकत्र जावेत. दोन पगार द्यावे लागतील. त्या पंधरवड्यांत रोग्यांच्या वेळाहि थोड्या विरळ द्याव्यात. अर्ध्या तासाच्या ठिकाणीं पाऊण तास. ज्या रोग्याला आठ दिवस थांबावें लागेल तो कुरकुरेल. त्याला खरें कारण सांगावें. लोक समजतात त्यापेक्षां अधिक समजूतदार असतात, विशेषतः त्यांच्याच तोंडांत जाणाऱ्या हत्याराची गोष्ट असेल तर.

आतां कल्पनेंतल्या त्या दवाखान्यांत परत जाऊं. महिना झाला आहे. कपाटांत चार नवे हँडपीस आले आहेत, पांढरा डबा सुयांच्या जागीं आहे, भिंतीवर सात ओळींचा कागद आहे. टेबलावर लसीची नवी पत्रिका ठेवली आहे. नांवाची जागा अजून कोरी आहे, कारण माणूस यावयाचें आहे. डॉक्टर कांचेवर कागद चिकटवितात. ताई मागें उभी राहून ती पत्रिका उलटसुलट करून पाहते आणि विचारते, ‘डॉक्टर, ही सुई नव्या पोरीलाच टोंचायची होय ? मला कुठं कधीं टोंचली ?’

डॉक्टर वही काढतात, जुने कागद काढतात. ताईला या दवाखान्यांत येऊन बारा वर्षें झालीं. लसीची नोंद कोठेंच नाहीं. ते पत्रिका तिच्या हातून घेतात, नांवाच्या जागीं तिचें नांव लिहितात, आणि त्या संध्याकाळचा पहिला रोगी अर्धा तास बाहेर बसतो.